मुलं पाठवून देणाऱ्या खांबेटे बाई

मे महिन्याच्या उन्हात खांबेटे बाई नारायण पेठेतून मान वर करून चालायच्या. त्यांची नजर लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर असे. एखाद्या गॅलरीत लहान चड्डी किंवा झबलं दिसलं की त्या थांबत, छत्री मिटत आणि मला म्हणत, "चल, इथे गिऱ्हाईक आहे." मग जिना चढून, दार वाजवून थेट विचारत, "अहो, याला शाळेत कुठे घालणार?"

मी तेव्हा महापालिकेच्या त्या मराठी शाळेत नुकतीच लागले होते आणि बाई मुख्याध्यापिका होत्या. पट भरण्यासाठी सुट्टीत दारोदार फिरणं हा आमच्या नोकरीचाच भाग होता. शहराच्या कडेला संगणकाच्या कंपन्या उभ्या राहत होत्या, पेठेतली तरुण जोडपी तिकडच्या फ्लॅटमध्ये चालली होती आणि मागे राहिलेल्यांना इंग्रजी माध्यम हवं होतं. दोऱ्यांवर धोतरं आणि गाऊनच काय ते दिसत. एका आजोबांनी आम्हाला दारातच सांगितलं, "आमच्याकडे लहान असं आता कुणी नाही. मीच काय तो अधूनमधून हट्ट करतो." बाई म्हणाल्या, "मग या की. बसायला जागा भरपूर आहे."

आमची बहुतेक मुलं नदीकाठच्या वस्तीतली. त्यांच्या आया पेठेत धुणीभांडी करत. कांताबाई त्यांतलीच एक. तिची सुरेखा सहावीत होती आणि रोज तान्ह्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची, कारण आई कामावर गेली की त्याला बघणारं दुसरं कुणी नव्हतं. नियमात हे बसत नव्हतं. बाईंनी वर्गात मागच्या बाजूला एक सतरंजी टाकून दिली होती. तो तिथे झोपे, रडे, कधी पाढ्यांत आपलाही सूर मिसळे. "त्याला बाहेर काढलं तर तीही जाईल," बाई म्हणायच्या, "आणि मला ती हवी आहे."

बाईंची दुसरी खोड मात्र माझ्या पचनी पडत नसे. चौथीत एखादं मूल चमकलं की त्या त्याच्या आईला बोलावून घेत. "पाचवीला याला मोठ्या शाळेत घाल. मी येते बरोबर." आणि खरंच जात. एका नावाजलेल्या खासगी शाळेच्या बाकावर प्रवेश मिळेपर्यंत ठाण मांडून बसत. सुट्टीभर वणवण करून मिळवलेलं मूल स्वतःच्या हाताने दुसरीकडे देऊन येत. मी एकदा चिडून म्हणाले, "अहो बाई, आपली शाळा आपणच रिकामी करतोय." त्यांनी चष्मा पुसला. "आपली शाळा सातवीला संपते. त्याचं डोकं सातवीला संपत नाही." कांताबाईचा थोरला दिलीप असाच गेला होता.

मग व्हायचं तेच झालं. आमची शाळा लक्ष्मी रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करायचं घाटू लागलं. तिथल्या मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, वर्गात तान्ही भावंडं चालणार नाहीत. म्हणजे सुरेखाची शाळा सुटणार, हे आम्हा दोघींना स्वच्छ दिसत होतं.

सगळ्यांचं म्हणणं ऐकायला महापालिकेचा एक अधिकारी आला. शाळेच्या सभागृहात पेठेतले माजी विद्यार्थी झाडून जमले. एकेकाचा ऊर भरून येत होता. "ही शाळा म्हणजे आमचा अभिमान आहे," एक गृहस्थ म्हणाले.

"अभिमान पटावर घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "मूल द्या."

"अहो, नातू अमेरिकेत आहे माझा."

"मग टाळ्या वाजवू नका. बसा."

अधिकारी भला माणूस होता. त्याने शांतपणे विचारलं, "चौथीपर्यंत मुलं बरी आहेत. पाचवीपासून वर्ग ओस का पडतात? जातात कुठे मुलं?"

कुणाला उत्तर सुचण्याआधी मागून कांताबाई उठली. बाईंबद्दल चार चांगले शब्द बोलायचे म्हणून ती दोन घरची कामं सोडून आली होती. "सायेब, आमच्या बाईसारकी बाई न्हाई. माज्या दिलीपला त्यांनीच मोठ्या शाळंत घातलं. दरवर्साला घालत्यात पोरास्नी. सोता संगं जात्यात." आणि तिने सगळ्यांसमोर हात जोडले.

तिच्या शेजारी उभ्या सुरेखाच्या कडेवरचं पोर चुळबुळत होतं.

"बाई, हे खरं आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

त्या नाही म्हणाल्या असत्या तर? एखाद-दुसरं मूल, एवढं जरी म्हणाल्या असत्या! मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते.

"खरं आहे. हुशार मूल अडवून ठेवायला मी काही कोंडवाडा चालवत नाही."

"मग ही शाळा कुणासाठी ठेवायची?"

"ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी." बाईंनी सुरेखाकडे बोट दाखवलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तेवढ्यांसाठी शाळा ठेवता येत नाही, बाई."

जूनमध्ये आमच्या शाळेला कुलूप लागलं. बाईंची बदली विश्रांतवाडीला झाली, माझी पलीकडच्या शाळेत. सुरेखा काही दिवस आली. भाऊ शेजारणीकडे ठेवून यायची. मग शेजारीण कंटाळली. मी वस्तीत जाऊन कांताबाईला भेटले. ती म्हणाली, "बाई, कामं करू का पोरीला शिकवू?"

पुढे बरीच वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, गुडघ्यांनी घरातच खिळल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या, त्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. दार सुरेखाने उघडलं. मला ओळखून हसली. आईची धुण्याभांड्यांची घरं आता तिच्याकडे होती आणि त्यांत बाईंचंही घर होतं. दिलीप हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. दिवाळीला गाडीतून येऊन बाईंच्या पाया पडून जायचा.

सुरेखाने चहा आणून ठेवला, बाईंची उशी सारखी केली आणि "दुसऱ्या घरी उशीर होतोय" म्हणत गेली. दाराचा आवाज होईपर्यंत बाई भिंतीकडे बघत राहिल्या.

"दिलीपला पाठवलं याचं मला अजूनही वाईट वाटत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा पाठवीन. पण ही माझी खरकटी भांडी उचलते ना, तेव्हा मला बघवत नाही. काम सोड म्हणावं, तर तिचं घर चालत नाही. राहा म्हणावं, तर रोज सकाळी मला तिला दार उघडावं लागतं."