अक्कांचा नळीशी दावा

नाकातल्या नळीशी उभा दावा मांडलेली बाई अख्ख्या हुबळी-धारवाडात एकच होती, आणि ती म्हणजे गोकुळ रोडवरच्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना भरवणाऱ्या अक्का. नाकातल्या नळीनंच पोट भरणाऱ्या माणसांनाही त्या आज काय शिजलंय ते फोडणीसकट ऐकवत. एखाद्यानं घास गिळला, की पोरानं मॅट्रिकला नंबर काढल्यासारख्या हरखून जात. पण लगेच त्याला स्वतःचं नाव म्हणायला लावत. आवाज ओलसर, घशात घास अडकल्यासारखा आला, की चमचा खाली. एकदा एक निवृत्त मास्तर चिडून म्हणाले, "वीसदा नाव सांगितलं, आता गावपण सांगू का?" अक्का म्हणाल्या, "सांगा की मास्तर, तेवढाच एक घास जास्त."

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, जुन्या हुबळीतले कापडवाले, अर्धांगवायूनंतर नाकात नळी घेऊनच त्यांच्या ताब्यात आले. घसा सुधारलाय असं डॉक्टर म्हणत, पण चमचा दिसला की अप्पा ओठ गच्च मिटत. आठवडाभरात खाल्लं नाही, तर पोटालाच नळी बसवायची असं ठरलं. मी पार खचलो. अक्कांनी मला बाजूला घेतलं.

"घरी अप्पा जेवत कुठं होते?"

"पाटावर. आंघोळ करून."

"आन् खाटंवर?"

मी जीभ चावली. खाटेवर खरकटं नेलं म्हणून याच अप्पांनी लहानपणी मला बदडलं होतं, आणि आम्ही त्यांना पंधरा दिवस खाटेवरच भरवू पाहत होतो!

दुसऱ्या दिवशी अक्कांनी त्यांना आंघोळ घालून धुतलेलं धोतर नेसवलं, खुर्चीत ताठ बसवलं. समोर टेबलावर ताट, ताटात गुरगुट्या दहीभात. चमचा त्यांच्याच चांगल्या हातात दिला. अप्पांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं. घास गेला. "नाव सांगा." नाव आलं, अगदी कोरडं, खणखणीत. मी व्हरांड्यात जाऊन रडलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

महिन्याभरात नळी निघाली. घरी निघायच्या दिवशी मात्र ताट पुढ्यात येऊनही अप्पा चमचा उचलेनात. ते अडखळत म्हणाले, "अक्का, तुमीबी बसा. एकट्याला जेवण जात न्हाई."

अक्का गडबडल्या. "मी मागनं खाते की, अप्पा." अप्पा हट्टाला पेटले, तेव्हा त्या बसल्या आणि पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "इतकी वर्सं भरवलं, मला बसा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं बघा."

आता दोघंही नाहीत. अप्पा पुढे चार वर्षं आपल्या हातानं जेवले. ती चार वर्षं अक्कांनी दिलेली.