थेंबातल्या थेंबाच्या मॅडम

एखादी गोष्ट कळली नाही की आमच्या मॅडम खूश व्हायच्या. नांदेडच्या फार्मसी कॉलेजात त्या माझ्या एम. फार्म.च्या गाईड. मूळच्या किनवटकडच्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या. "मला बी कळून नाही राहिलं," असं त्या विद्यार्थ्यापुढे बिनदिक्कत म्हणायच्या. गाईडच असं म्हणाली तर विद्यार्थ्याने कुणाच्या तोंडाकडे बघावं?

माझा विषय त्यांनीच माझ्या गळ्यात मारला होता. औषध पाण्यात विरघळवायचं, त्या पाण्याचे थेंब तेलाच्या थेंबांत कोंडायचे आणि ते तेल पुन्हा पाण्यात सोडायचं. तेल-पाणी एकत्र नांदावं म्हणून साबणाच्या जातीचे दोन सर्फॅक्टंट, आतल्या थेंबासाठी एक, बाहेरच्यासाठी दुसरा. त्यांचं प्रमाण जमलं की औषध दिवसभर हळूहळू सुटतं. माझं घटकाभरात सगळं बाहेर यायचं. पदवी त्यावरच अडलेली, आणि निलंग्याहून वडील फोनवर विचारायचे, "झालं का रे तुझं तेल-पाणी?"

मॅडम सोमवारी म्हणायच्या, आतला वाढव. गुरुवारी म्हणायच्या, राहू दे, बाहेरचा कमी कर. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "मॅडम, नक्की काय करू?"

"दोन्ही करून बघ. न्हाई तर काहीच नको करू, चल, चहा पिऊ."

एकदा तेल पाण्यात सोडून ढवळणं चालू असताना लाईट गेली. ढवळायचं मशीन बंद पडलं, म्हणून उरलेलं मी काचेच्या कांडीने हातानेच ढवळलं. त्या नमुन्यातलं औषध संध्याकाळपर्यंत थोडं थोडं सुटत राहिलं. मी नाचायचाच बाकी होतो.

"हे सर्फॅक्टंटमुळं झालं, का लाईट गेली म्हणून?" मॅडमनी विचारलं. मी नोंदी चाळू लागलो. "मग पुन्हा कर."

तेच प्रमाण, तीच कांडी, तोच हात. पुन्हा काही जमलं नाही. तेवढा चांगला निकालच प्रबंधात लिहू द्या म्हणून मी विनवण्या केल्या. "चांगलं आलं ते बी लिही, बिघडलं ते बी लिही. का ते कळलं न्हाई, हे बी लिही," त्या म्हणाल्या. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मॅडम शांतपणे उठल्या. "हाव सर, मीच लिहायला लावलं." पदवी मिळाली. कशी, तेही मला नीटसं कळलेलं नाही.

निघताना त्यांनी त्या चांगल्या नमुन्याची बाटली माझ्या हातात दिली. "तेल वर आलं की फोन कर." मी लातूरला नोकरीला लागलो आणि तेल वर आलं नाही तरी फोन करत राहिलो. "अजून न्हाई?" "नाही मॅडम." "का बरं?" "कळून नाही राहिलं." मग दोघंही हसायचो. त्यांच्या हसण्याची मला सवयच झाली होती.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. नांदेडहून परत आलो आणि त्या बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तेलाच्या थेंबात पाण्याचे थेंब, तसेच.

तेल अजून वर आलेलं नाही. हे आता कुणाला सांगावं, ते मला कळत नाही.