खंडेनवमीला घासलेला गंज

मी पीएचडी करते ती गंजावर. गावात हे सांगायची सोय नाही. अणुवीज केंद्राच्या पाण्याच्या नळांतला गंज, असं पूर्ण सांगितलं की शेजारची काकू अंधारात माझा उजेड पडतो का ते डोळे बारीक करून बघते. एकदा मी मुद्दाम ओढणीखाली मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या अंगणातून गेले. त्यानंतर कित्येक दिवस ती आमच्याकडं विरजण मागायला आली नाही.

युसूफ वडगाव या आमच्या गावात आप्पांचं बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. गंज हा त्यांचा जन्माचा वैरी. पोरगी गंजावर डॉक्टर होणार म्हणजे त्याचा कायमचा निकाल लावणार, अशी त्यांची समजूत. पदवी यंदाच मिळणार, हे त्यांनी पार केजच्या बाजारापर्यंत सांगून ठेवलेलं.

तसं ते खोटंही नव्हतं. माझ्याजवळ एका डब्यात होत्या त्या पोलादी पट्ट्या तेवढ्या दसरा झाल्यावर मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली जायच्या होत्या. प्रयोगशाळेत प्रेशर कुकरच्या एका थोरल्या भावात मी त्या महिनोन् महिने शिजवल्या होत्या. त्यांच्यावर गंजाची काळी साय धरली होती. ती सायच आतल्या लोखंडाला राखते, आणि ती कशी धरते हाच माझा प्रबंध. किरणबिरण त्यात काही नव्हतं. सूक्ष्मदर्शकाची तारीख मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती, म्हणून गावाकडून परस्पर तिकडंच जायचं ठरवून डबा सोबत आणला.

खंडेनवमीला आमच्याकडं ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. पाने, पक्कड, हातोडे, आईची विळी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. मी सकाळी मैत्रिणीकडं गेलते. परत येऊन बघते तर पान्यांच्या शेजारी माझ्या पट्ट्या, चांदीसारख्या चकचकीत. वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पोरीचीही हत्यारं पूजेला असावीत म्हणून आप्पांनी डबा उघडून एकेक पट्टी पॉलिश पेपरनं घासली होती, आणि आता बोटं चोळत बसले होते.

"लई चिवट होता गं माय," ते म्हणाले, "पण एक डाग ठेवला न्हाई."

असा संताप आला म्हणून सांगू! पण माणूस इतका खूश होता की गिळून टाकावं असंही वाटलं. माझं तोंड कुठलं गप्प बसतंय? म्हटलं, आप्पा, तुम्ही माझा प्रबंधच घासून टाकला. मग सगळं सांगितलं. तो काळा थर हाच अभ्यास, आता पट्ट्या पुन्हा पहिल्यापासून शिजवायच्या, पदवी गेली पुढच्या वर्षावर. आई आरतीचं ताट धरून तशीच उभी राहिली. आप्पांचा चेहरा असा उतरला की माझा रागच पळाला, उलट मलाच भीती वाटायला लागली.

ते उठले आणि दुकानामागं गेले. बराच वेळ तिकडून लोखंडाची आदळआपट ऐकू येत होती. मग बोअरमधून काढलेला, गंजून चाळणी झालेला एक पाइप खांद्यावर घेऊन आले. झोपलेलं लेकरू ठेवावं तसा तो अलगद माझ्यासमोर ठेवला.

"ह्याला पेपर लावलेला न्हाई," आप्पा म्हणाले. "असले लई हायत मागं. पुरतील का बघ."