जात्याखालचा पैलवान

माझ्या बहिणीच्या लग्नाची हळद मी दळली. आमच्या कवठे येमाईत त्याआधी कुठल्या पुरुषानं हे काम केलं नव्हतं, नंतरही केलेलं नाही. (कुणाला हौस असेल तर पद्धत सांगतो.)

सुनी माझी धाकटी बहीण. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिला दौंडकडचं, खुटबावचं स्थळ आलं. नवरा मुलगा कारखान्यात कामाला, सहा फूट उंच, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा. मी तेव्हा बावीस वर्षांचा. शर्ट मला घातला काय नि खुंटीला अडकवला काय, फारसा फरक पडत नव्हता! सुपारी फुटली, पेढे वाटले, आणि कुणीतरी म्हणालं, "कान पिळायला मेव्हणा येकच हाय बरं का!"

नवरदेवानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्ये कान पिळणार, का कानाला लोंबकाळणार?"

सगळी बैठक हसली. माझे वडील, आबा, तेही हसले. आतून सुनीसुद्धा हसली! (ज्या बहिणीसाठी मी कान पिळणार होतो, ती!) मला ते फार लागलं. भर मांडवात नवऱ्याचा कान पिळून 'माझ्या बहिणीला नीट नांदव' अशी ताकीद द्यायची असते. ताकीद देणारा माणूस जरा तरी ताकीद देण्यासारखा दिसायला नको?

दुसऱ्याच दिवशी एसटीनं शिरूरला गेलो. तिथं एक जिम निघाली होती आणि तिच्या चारी भिंतींना आरसे होते. आमच्या घरातला आरसा दाढीपुरता, त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा. इथं मी पहिल्यांदाच स्वतःला आख्खं पाहिलं, तेही बनियनवर, तेही चारही बाजूंनी! मी हादरलो. पाठीमागून माणूस इतका वाईट दिसू शकतो याची मला कल्पनाच नव्हती. तिथले सर म्हणाले, "रोज थोडं थोडं वजन वाढवायचं. वजन वाढलं की कॉन्फिडन्स आपोआप वाढतो." तेवढं वाक्य घेतलं आणि जो बाहेर पडलो, तो पुन्हा त्या आरशांपुढं गेलो नाही.

जिम घरीच काढायची ठरवली. जागा म्हणजे कांदे साठवायची चाळ, बाक म्हणजे पेंडीच्या पोत्यांवर टाकलेली फळी. प्रश्न वजनांचा होता. आणि तिथंच कोपऱ्यात मला आमचं जातं दिसलं. गावात गिरणी आल्यापासून पडून होतं. दोन गोल दगड, दोन्हींना बरोबर मध्ये भोक! मी थक्क झालो. आपल्या पूर्वजांनी किती पुढचा विचार केला होता! मधली खुंटी ठोकून काढली, धरायचा खुंटा आड येत होता म्हणून तोही काढला, दोन्ही बंबात घातले. पहारीच्या एका टोकाला खालचा दगड, दुसऱ्या टोकाला वरचा, लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि वजन तयार!

दोन महिने रोज घाम गाळला. शरीरात काही फरक पडला नाही, पण कॉन्फिडन्स शरीराला मागं टाकून फार पुढं निघून गेला. मी दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालायला लागलो. आई काळजीनं म्हणाली, "काखंत गळू झालं का रं?"

लग्नाला दोन दिवस राहिले. सकाळी मी चाळीत उघड्या अंगानं, गोडंतेल चोळून, फळीवर उताणा पडून वजन वर घेत होतो. बाहेर माझी आत्या पाच सुवासिनी गोळा करून आली होती. लग्नघरातला शब्द तिचाच. तिचा आवाज ऐकू आला, "वैनी, हळद दळायचीय. जातं काढा."

माझे हात हवेतच थांबले. लग्नाची हळद घरच्याच जात्यावर दळायची, हे माझ्या डोक्यात दोन महिन्यांत एकदाही आलं नव्हतं!

"जातं न्हाई जाग्यावर!" आई.

"न्हाई म्हंजी? जातं जाईल कुठं?"

"चोरलं वाटतं कुणी!"

"लग्नघरातलं जातं चोरलं?" आत्यानं हंबरडाच फोडला. "आवं वैनी, माझी हळद त्याच्यावर दळली, तुमच्या लग्नाची दळली! आता पोरीचं लगीन कसं लावायचं वो?" मग सुनी रडायला लागलेली ऐकू आली आणि माझ्या हातांतला उरलासुरला जीव गेला. पहार सावकाश खाली आली आणि छातीवर बसली. वर जाईना. बाजूला होईना. ओरडावं तर चोरी सापडणार, न ओरडावं तर मीच जाणार! शेवटी अगदी बारीक आवाजात म्हणालो, "आई... जातं सापडलं."

सगळ्या जणी आत आल्या. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या हातात कुंकवाचा करंडा.

"आगं बया!" आई किंचाळली. "पोरगं दळलं की माझं!"

"दळलं न्हाई, नुसतं भरडलंय," आत्या म्हणाली. तिनं पदर खोचला, एक बाजू तिनं धरली, एक आईनं, आणि माझी दोन महिन्यांची कमाई दोघींनी भाजीची पाटी उतरवावी तशी खाली ठेवली. "येवढ्याला मरत व्हतास व्हय रं?"

एका दगडाची पाचर निघाली. दुसऱ्याची काही केल्या निघेना. वेळ तर टळत चाललेली. शेवटी आत्यानं पहारच जमिनीत उभी ठोकायला लावली, खाली अडकलेला दगड, त्यावर दुसरा सरकवला. बायकांनी कुंकू लावलं, पाच जणींनी हात लावून थोडी थोडी हळद दळली. पण खुंट्याशिवाय नुसता दगड ढकलायचा म्हणजे बांगड्या वाढायला लागल्या. आत्यानं माझ्याकडं पाहिलं.

"लई ताकद कमावलीयस न्हवं? बस. फिरव."

मी फिरवलं. सूपभर हळद होईपर्यंत फिरवलं! दार धरून उभ्या असलेल्या सुनीला रडता रडता हसू फुटलं. मला मात्र रडायलाही उसंत नव्हती.

लग्नाच्या दिवशी माझे हात छातीच्या वर जाईनात. कानपिळीची वेळ आली. मांडव भरलेला, व्हिडिओवाल्यानं दिवा थेट माझ्या तोंडावर मारलेला, आणि समोर सहा फूट उंचावर तो कान!

"पिळा की," दाजी हळूच म्हणाले.

"हात वर जात न्हाईत, दाजी."

त्यांनी माझ्या पिवळ्या बोटांकडं पाहिलं. मग ते खाली वाकले, स्वतःचा कान माझ्या चिमटीत दिला, स्वतःच मान फिरवली आणि आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "आई आई गं! सोडा, सोडा! नांदवतो नीट!"

मांडवात टाळ्या पडल्या. "काय पकड हाय पोराची!" कुणीतरी म्हणालं. ज्याला धाक दाखवायचा, त्यानंच माझी लाज राखली होती. त्याच क्षणी मला हा माणूस मनापासून आवडला. सुनी चांगल्या घरी पडली, असं वाटलं.

मग त्यांनी माझ्या हातात कानपिळीचा आहेर ठेवला. लांबट, जड, रंगीत कागदात गुंडाळलेला. घड्याळच असणार! मी छाती काढून सगळ्यांसमोर कागद फाडला.

आत जात्याचा नवाकोरा खुंटा होता.

"तुमच्या आत्याचा निरोप आला, तवाच आमच्या खुटबावच्या सुताराकडनं करून घेतला," दाजी कानाशी म्हणाले. "हळद झ्याक दळता म्हणं!"

तो खुंटा मी आजही कपाटात जपून ठेवला आहे. व्यायामासाठी मला आयुष्यात मिळालेलं ते एकमेव बक्षीस.