घाबरट तितो

तितोंइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतः या बाबतीत काही कमी नाही. ते लिफ्टला घाबरत, कुत्र्याला घाबरत, हिवाळ्यात फुटपाथवर जमणाऱ्या बर्फाच्या पापुद्र्याला घाबरत. कपडे धुवायचं मशीन तळघरात होतं. त्या केलरमध्ये ते एकटे कधी उतरले नाहीत. माझ्या दारावर टकटक करून म्हणायचे, "तुझे काही धुवायचे कपडे आहेत का?" नसले तरी मी एखादा शर्ट घेऊन त्यांच्यासोबत खाली जायचो. आणि हाच माणूस दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये गावातल्या फिलिपिनो मुलांना बास्केटबॉल शिकवायचा. त्यातही शूटिंग, म्हणजे त्या खेळातलं सगळ्यात धीराचं काम. मॅचमध्ये त्यांच्या एखाद्या मुलानं चेंडू घेऊन रिंगकडे पाहिलं, की तितो गर्रकन वळून भिंतीकडे तोंड करत. चेंडू आत गेला की नाही हे ते आवाजावरून ओळखायचे.

मी तेव्हा जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मास्टर्स करत होतो. चिंचवडचा मुलगा, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेला. टपालपेटीत जर्मन सरकारी पाकीट दिसलं की माझी पाचावर धारण बसायची. तितोंच्या घरातली वरची खोली मला भाड्यानं मिळाली होती. फिलिपिनो लोक काकाला तितो आणि काकूला तिता म्हणतात. सगळी मुलं त्यांना तशीच हाक मारायची, म्हणून मीही मारू लागलो. तितो अमेरिकन लष्करी तळावरच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होते. तिता वृद्धाश्रमात नर्स होत्या आणि कशालाच घाबरत नसत. "घरातली सगळी भीती यांनीच घेतली, मला उरलीच नाही," असं त्या म्हणायच्या.

हॉलची किल्ली हाउसमाइस्टरकडून, म्हणजे शाळेची इमारत सांभाळणाऱ्याकडून आणायची असे. तो उंचापुरा, मिशाळ माणूस, दार उघडून नुसता "या?" म्हणायचा, म्हणजे जर्मनमध्ये "हं, काय?". तितो त्याला घाबरत म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि मी त्याला घाबरत असूनही ते माझ्याकडेच राहिलं. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, इंजिनिअर व्हायला गेलायस की चेंडू गोळा करायला?" पण रविवार आला की मी जायचोच. त्या परक्या गावात माझी कुणी वाट पाहणारं असेल, तर ते तिथेच होतं.

स्वतः तितोंचा शॉट फार विचित्र होता. चेंडू खांद्यावरून, घाईघाईनं, कुणी पाठीमागे लागल्यासारखा सुटायचा. आत जायचा, पण बघवत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या गावात रिंग माडाच्या खोडाला ठोकलेली होती आणि माडाच्या मागे खाडी. नेम चुकला की चेंडू चिखलात, आणि चेंडू ज्याचा तो मोठा मुलगा थोबाडीत मारायचा. "मी नेम शिकलो," तितो म्हणाले, "पण हात रिंगकडे कमी आणि खाडीकडे जास्त बघत असे. अजूनही बघतो. इथे खाडी नाही, हे हाताला कोण सांगणार?"

म्हणून त्यांच्या हॉलमध्ये सगळं उलटं होतं. रिंग जितकी खाली येईल तितकी खाली आणायची. चेंडू लहान. मुलानं रिंगच्या अगदी पुढ्यात उभं राहायचं, एका हातानं चेंडू सोडायचा आणि मनगट तसंच पुढे सैल लोंबत ठेवायचं. हात शांत दिसला तर एक पाऊल मागे. हात पुन्हा ताठरला तर निमूटपणे पुढे. किती गेले, किती हुकले हे मोजायला सक्त मनाई होती. चेंडू हुकला तर तितो फक्त एक शब्द बोलत, "पुन्हा." रागानं नाही, एखाद्याला अजून थोडा भात वाढावा तसं.

ही मुलं फिलिपाइन्समध्ये थोरल्या भावंडांचं बघून खेळायला शिकलेली असायची. जड चेंडू, उंच रिंग, त्यामुळे दोन्ही हातांनी कमरेपासून उचलून भिरकावणं एवढंच त्यांना ठाऊक. मारिसेल त्यातलीच. आईनं जर्मन माणसाशी लग्न केलं तेव्हा ती इकडे आली. लांबून टाकलेले तिचे चेंडू कधी कधी आत जायचे आणि पोरं ओरडायची, म्हणून ते सोडायला ती तयार नव्हती. तितोंनी तिला जवळजवळ अख्खा हिवाळा रिंगखाली उभं केलं. ती रडली, रुसली, शेजारच्या हॉलमधल्या जर्मन क्लबात जाते म्हणाली. तिथला ट्रेनर हुकलेल्या प्रत्येक शॉटला जोर काढायला लावायचा. तितो म्हणाले, "जा की. त्यांची मुलं धावतात फार छान." ती गेली नाही. वसंत येईपर्यंत तिचा हात असा झाला होता, की चेंडू सुटताना आवाजसुद्धा होत नसे.

बापमंडळींचा मात्र तितोंना जाच होता. रिंगच्या मागे उभं राहून "माझा मुलगा लांबून कधी टाकणार?" असं विचारणारा एक तरी असायचाच. त्यांना हुसकण्याची तितोंची छाती नव्हती. मग ते घरून थर्मास भरून कॉफी आणायचे आणि ती बाहेर पॅसेजमध्ये ठेवायचे. कॉफीमागे बाप जायचे. "रिंगच्या मागे बाप उभा असला ना," ते मला हळूच म्हणाले, "की तिथे खाडी आलीच."

एका मॅचमध्ये बरोबरी झाली आणि शेवटचा फ्री थ्रो मारिसेलच्या वाट्याला आला. समोरची मुलं बाकांवर पाय आपटत होती. तितो भिंतीकडे वळले आणि त्यांनी माझी बाही धरली. मी डोळे मिटून घेतले. जाळीचा नुसता फस्सदिशी आवाज आला. तितो भिंतीलाच म्हणाले, "मी मेलो असतो आज."

पुढच्या शरदात ते खरंच मरायला टेकले. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून थांबायचे, ओठ निळे पडायचे. डॉक्टरकडे मी दुभाषा म्हणून गेलो, म्हणजे एक घाबरट दुसऱ्या घाबरटाचा हात धरून. हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरबाई समजावून म्हणाल्या, "हे बघा, ऑपरेशन केलं तर चांगली आशा आहे. नाही केलं तर फार काळ नाही. आणि उशीर करू नका." मी भाषांतर केलं. तितोंनी ऐकलं, मान हलवली, कोट घातला आणि सरळ बाहेर चालू लागले. घरी येऊन तितांना म्हणाले, "मी जाणार नाही. तिथून माणूस परत येत नाही." तिता ओरडल्या, रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर मी वरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो, पण कान खाली असायचे. तितोंचा खोकला ऐकू आला की धास्ती, नाही आला की दुप्पट धास्ती. शेवटी तोडगा काढला तो मारिसेलनं. रविवारी हॉलमध्ये ती मला म्हणाली, "तितोंना एकदम लांबून टाकायला सांगताय तुम्ही सगळे. त्यांना आधी जवळ उभं करा ना."

त्या दिवशी प्रॅक्टिसनंतर सगळी वरात हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपपर्यंत गेली. तितो बाकावर बसले, सगळ्यांनी खारे ब्रेत्सेल पाव खाल्ले, घरी आलो. पुढच्या खेपेला फाटकापर्यंत. मग तळमजल्यावरच्या कॅफेटेरियात, तिथला आलुबुखाराचा केक तितोंना आवडला आणि ते आपणहून म्हणाले, "पुढच्या रविवारी पण येऊ." मग लिफ्ट आली. दार उघडलं तशी त्यांनी पाठ फिरवली. मारिसेल शांतपणे म्हणाली, "पुन्हा." ते तिच्याकडे बघतच राहिले. शिकवलेला शब्द असा अंगावर उलटेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पण प्रत्येक रविवार मला खात होता. गाव फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी सजायला लागलं होतं, जिकडेतिकडे रंगरंगोटी चालली होती, आणि डॉक्टरबाईंच्या ऑफिसातून फोन येत होते: अजून का नाही? मी मारिसेलला म्हटलं, "वेळ नाहीये गं आपल्याकडे." ती म्हणाली, "ओढत नेलंत तर ते पळून जातील. मग कधीच येणार नाहीत." दोघंही बरोबर होतो, आणि त्याचीच भीती वाटत होती. एखाद्या रविवारी तितो वॉर्डच्या दारातून घामाघूम होऊन परत फिरायचे, आणि घरी येताना त्यांचा श्वास ऐकत मी जीव मुठीत धरून चालायचो.

फाशिंगच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या दिवसांत, रस्त्यावर विदूषकांचे कपडे घातलेली पोरं हिंडत होती तेव्हा, तितो स्वतःच्या पायांनी भरती झाले. लिफ्टनं वर गेले. ऑपरेशनच्या सकाळी मी आणि तिता खाटेशी उभे होतो. त्यांनी मला विचारलं, "तू घाबरलायस का?"

"हो, तितो. खूप."

"छान," ते म्हणाले. "म्हणजे मी एकटाच नाही." आणि स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी आम्हाला हात केला.

ते शुद्धीवर आले नाहीत. हृदय फार थकलं होतं, डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं, एवढंच आम्हाला कळलं. मला तेव्हा दुःखाच्याही आधी भीती वाटली, आणि ती मारिसेलसाठी होती.

दफनानंतर घर माणसांनी भरलं होतं. मारिसेल जिन्यात बसली होती. मी शेजारी टेकलो तेव्हा ती जर्मनमध्ये म्हणाली, "मीच नेलं ना त्यांना तिथे. आणि नेण्यात वेळही मीच घालवला." कुठल्याही बाजूनं विचार केला तरी खापर त्या पोरीवरच येत होतं. तेवढ्यात तिता पदार्थांची ताटली तशीच कुणाच्या तरी हातात देऊन आल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी दात काढायचा असला तरी त्याला झोप लागायची नाही. त्या रात्री मी खुर्चीत बसून होते. मला वाटलं, आता पहाटेपर्यंत हात धरून बसावं लागणार. आणि हा पठ्ठ्या ब्रेड-चीज खाऊन कुशीवर वळला आणि घोरायला लागला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री! ती झोप तू दिलीस त्याला, मारिसेल. मला आयुष्यभर देता आली नाही."

मारिसेलनं डोळे पुसले. "मोठ्यानं घोरत होते?"

"शेजारच्या खाटेवरच्या जर्मन आजोबांनी मला हाक मारून विचारलं, यांचं उद्या ऑपरेशन आहे हे यांना सांगितलंय ना कुणी?"

मारिसेल फसकन हसली. आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं, ते तितांच्या मांडीवर बराच वेळ चाललं.