हे कोणाकोणाला दिसतं?

"हे कोणाकोणाला दिसतं?"

मुलुंडच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ताई मागून यायच्या, स्क्रीनकडे बोट दाखवायच्या आणि एवढंच विचारायच्या. उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. पण एका जागी उभं राहूनही त्यांची चुळबुळ चालूच असायची. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवणं हे त्यांचं काम. तुमच्याही ऑफिसात असं कोणीतरी असेल, पासवर्ड बदला म्हणून मागे लागणारं, ज्याला येताना पाहिलं की सगळ्यांना एकदम चहाची तल्लफ येते. आमच्याकडे त्या होत्या.

मी काउंटरवर बसायचे. ताई वरच्या मजल्यावरून आवाज बदलून आम्हाला फोन करायच्या. "मी त्यांची सून बोलतेय. सासऱ्यांचा रिपोर्ट काय आला हो?" आमच्यातल्या कोणी भोळेपणानं सांगून टाकलं, की लगेच जिना उतरून हजर. "सून? कशावरून?"

एकदा मी हुशारी केली. म्हटलं, "ताई, पुरे झालं नाटक. आवाज ओळखला मी." पलीकडे खरीच सून निघाली. घाटकोपरहून रिक्षा करून ती भांडायला आली. ताईंनी तिला आत नेलं, चहा पाजला, माफी मागितली. ती गेल्यावर माझ्या पाठीत थाप मारून म्हणाल्या, "झकास! असंच करत जा."

एवढी धास्ती कशाला, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. त्या उभ्यानंच जेवायच्या, खिडकीपाशी. म्हणाल्या, "भावाला टीबी झाला होता गं. कंपाउंडरनं पानाच्या टपरीवर सांगितलं. भाऊ घरी पोचेपर्यंत चाळीत नळावर आमची बादली कोणीतरी बाजूला काढून ठेवली होती. तो बरा झाला. पण नळावर परत कधी गेला नाही."

मग डबा बंद करून त्या वर निघून गेल्या. अर्धी पोळी तशीच होती.

आमची लॅब रुग्णांना मोबाइलवर रिपोर्टची लिंक पाठवायची. ताईंनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं. आलेली लिंक बघता बघता त्यांनी तिच्यातला शेवटचा आकडा बदलून पाहिला, आणि कुणा अनोळखी बाईचा गरोदरपणाचा रिपोर्ट उघडला. परत बदलला, दुसऱ्या कुणाचा एचआयव्हीचा. त्या खाली आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. "सगळ्यांना दिसतंय," एवढंच म्हणाल्या.

बिघाड संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाला. पण त्याआधी कोणीतरी बाहेरून ढिगानं रिपोर्ट उतरवून घेतले होते, हेही तपासात कळलं.

लॅबचे मालक स्वतः डॉक्टर. आम्ही त्यांना सर म्हणायचो. तक्रारी काउंटरवर येणार म्हणून त्यांनी ताईंबरोबर मलाही केबिनमध्ये बोलावलं.

"दुरुस्त झालं ना? मग विषय संपला," सर म्हणाले.

"रुग्णांना कळवायला हवं, सर. कायदाही तेच सांगतो."

"अहो, वाट लागेल! इथे किती जणांची घरं चालतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "पण ज्यांचे रिपोर्ट गेलेत, त्यांना घरं नाहीत का?"

सर वाईट माणूस नव्हते. कपाळ धरून बसले होते. एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आम्हाला मिळायच्या बेतात होतं. पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलची माणसं तपासणीला आली. त्यातल्या एकानं सहज विचारलं, "रुग्णांची माहिती कधी बाहेर गेलीय का?"

सरांनी ताईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या बोटाला गुंडाळलेली ओढणी इतकी आवळली होती, की बोट पांढरं पडलं होतं.

"गेलीय," त्या म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात."

काम हातचं गेलं. त्याच्या भरवशावर उघडलेली घाटकोपरची शाखा बंद झाली. तिथल्या दोघींची नोकरी गेली, त्यातली एक माझी मैत्रीण. तिनं ताईंना जिन्यातच गाठलं. "तुमचं खरं बोलणं आमच्या पोटावर आलं, ताई." नंतर कितीतरी दिवस ताई ओळखीच्या लॅबना फोन करून तिच्यासाठी शब्द टाकत होत्या. ते मैत्रिणीला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "मग काय आरती ओवाळू?" कोण बरोबर होतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सर म्हणाले, "कळवा." ताई एकेकाला फोन लावायला बसल्या.

"मेसेज पाठवा ना सरळ," मी म्हटलं.

"मेसेजला शिव्या देता येत नाहीत गं. त्यांना द्यायच्या असतील."

आणि लोकांनी दिल्याच. गोवंडीचा एक माणूस इतक्या जोरात ओरडत होता, की फोनमधला आवाज मला काउंटरपर्यंत ऐकू येत होता. त्याच्या रिपोर्टबद्दल वस्तीत कुजबुज सुरू झाली होती. ताईंनी मध्ये एकदाही त्याला तोडलं नाही. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर तोंड धुऊन आल्या आणि पुढचा नंबर लावला.

त्यांना कोणी काढलं नाही. फक्त मीटिंगचं बोलावणं बंद झालं आणि टेबल जिन्याखाली गेलं. मग एका सोमवारी त्या आल्याच नाहीत. राजीनाम्याची मेल तेवढी आली. मी फोन केला, तर नंबर बदललेला.

काही महिन्यांनी काउंटरवर एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात शहाळ्यांची पिशवी. म्हणाला, "इथल्या एका मॅडमनी मला फोन केला होता. मी फार वाईट बोललो त्यांना. आहेत का?"

"नाहीत. सोडून गेल्या."

"कुठे?"

"माहीत नाही."

तो पिशवी काउंटरवर ठेवून, "तुम्ही प्या सगळ्यांनी," म्हणाला आणि निघाला. मागे रांगेत माणसं उभी होती. मी त्याला त्याचं नाव विचारलं नाही.