माझा पाय, त्यांची पाठ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या मुखेडाकडं अशा माणसाच्या पायाला गुण असतो म्हणतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, की पायाळूनं तीनदा पाय लावायचा, उसण उतरते. मी सून होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हे गावभर मिरवून सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या दारात माणसं येऊ लागली. खुरपून आखडलेल्या बाया, पोतं उचलताना लचकलेले गडी. उंबऱ्यावर पालथं झोपवायचं, डावा पाय तीनदा टेकवायचा, मधी बोलायचं न्हाई. बहुतेकांना बरं वाटायचं. आता कळतं, साधी उसण चार दिवसांत आपली आपणच उतरते. पण तेव्हा मान माझ्या पायाला मिळायचा, अन् तो मला लई गोड लागायचा.

आमचे हे पारावर बसून सांगायचे, "माझी बायको लाथा घालते, अन् लोक वरून तिच्या पाया पडून जातात."

परारसाली सोयाबीनची रास झाली आणि ह्यांचीच कंबर धरली. आता घरातच वैद्य म्हटल्यावर दवाखान्यात कोण जातं? रोज सकाळी मी पाय लावू लागले. तीनदा लावून भागेना, तेव्हा जरा भार देऊन चेपू लागले. बरं वाटतंय का विचारलं की म्हणायचे, हाव, हलकं झालं. महिना गेला. हलकं झालं म्हणणारा माणूस खाटेवरून उठताना भिंत धरू लागला.

मग मी मालिशवाला शोधायला निघाले. कसा शोधला ते सांगते, कारण माझी दुसरी चूक तिथंच झाली. बाजारात, एसटीत, ज्याला त्याला एकच विचारायची, कुणाच्या हाताला गुण आहे? तो शिकला कुठं, हात लावायच्या आधी काही विचारतो का, कधी कुणाला परत पाठवतो का, हे एकदाबी विचारलं न्हाई. लोहा गावचा एक वस्ताद सापडला, पैलवानांची अंगं रगडून म्हातारा झालेला. माणूस वाईट नव्हता, त्याला मी बोल लावत नाही. त्यानं तेल घेऊन कण्यावर अंगठा फिरवला, शीर चढलीय म्हणाला, सात बैठकांत उतरवतो. पाचव्या बैठकीहून परत येताना ह्यांना बसची पायरी चढता येईना. मागच्या माणसानं काखेत हात घालून वर घेतलं.

हे ऐकून लातूरची लेक भडकली. येऊन आम्हा दोघांना घेऊनच गेली, आणि तिथं एका फिजिओथेरपीवाल्या बाईला दाखवलं. बाई कसली, माझ्या नातीएवढी पोरगी. मनगटं काडीसारखी, ह्या हातात काय जोर असणार, असं मला वाटलं. तिनं चोळायचं तर नावच काढलं नाही. विचारतच बसली. आडवं पडल्यावर जास्त दुखतं का? वजन उतरलं का? पायाला मुंग्या येतात का? लघवी अडते का? हे सगळ्याला मान हलवत गेले. त्यातलं निम्मं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग तिनं छोट्या हातोडीनं गुडघे ठोकून बघितले आणि माझ्याकडं वळली.

"आजी, मी यांना मालिश करणार नाही. आजच्या आज कमरेचा एमआरआय काढून घ्या."

मला रागच आला. एवढ्या लांबून आलो, थोडं चोळून तरी दे माय, म्हणाले. ती म्हणाली, आता ह्या पाठीला कुणीच दाबायचं नाही. मग विचारलं, "कुणी दाबलंय का आधी?"

मी ह्यांच्या चपला जुळवून ठेवू लागले. हेच म्हणाले, "न्हाई. वस्तादानं नुसतं तेल लावलं."

रिपोर्टात निघालं की गाठ होती प्रोस्टेटची, आणि ती मणक्यात उतरली होती. मोठ्या डॉक्टरांनी मला समजावलं, आजार तुमच्यामुळं नाही झाला आजी. पण लेकीनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, दोन महिने आधी आला असता तर पायांतलं बळ बहुतेक राहिलं असतं. ऑपरेशन झालं, तरी पाय काही उठले नाहीत.

लातुरात लेकीच्या घरी त्यांना खाटेवरच ठेवलं. एकदा अंग पुसताना मी विचारलं, मी पाय द्यायची तेव्हा दुखायचं का हो?

"अगं, तुझ्याकडं सारी गावं यायची," ते म्हणाले. "समद्यांची उसण उतरली अन् माझीच राहिली, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"पण दुखायचं का?"

"लई."

मिरगाच्या आधीच ते गेले.

मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस तो. माझ्या भाकरीला, मी शिवलेल्या गोधडीला, माझ्या माहेरच्या चहाला, सगळ्याला तोंडावर नावं ठेवली. एवढ्या एकाच गोष्टीला नाव ठेवलं नाही, आणि तिथंच ठेवायला पाहिजे होतं.